पेनड्राइव्ह, डबा आणि सोमवारचे दहा

पेनड्राइव्हमध्ये फाइल नुसती कॉपी केली म्हणजे तो बूटेबल होत नाही. हे ज्ञान मला शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता झालं. त्याआधी मी एक साधी, हसतमुख बाई होते.

हा शब्द ज्यांना नवा आहे (गुरुवारपर्यंत मीही त्यांच्यातच होते) त्यांच्यासाठी सांगते. संगणक पार गतप्राण झाला, म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिमच गेली, की त्याला नवी सिस्टिम बाहेरून पाजावी लागते. ज्या पेनड्राइव्हमधून ती पाजतात तो बूटेबल. माहितीच्या पानावर लिहिलं होतं, 'लागणारं साहित्य: एक पेनड्राइव्ह, एक चालू संगणक आणि अर्धा तास.' ज्याने हे लिहिलं त्याच्या घरी लहान मूल नसणार. असलं तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर असणार.

माझा लॅपटॉप गतप्राण झाला तो ठकूमुळे. ठकू म्हणजे माझी मुलगी. वय आठ महिने, व्यवसाय रांगणे. लॅपटॉप स्वतःला अद्ययावत करत होता, पडद्यावर 'कृपया यंत्र बंद करू नका' अशी विनंती होती, आणि ठकूला अजून वाचता येत नाही. तिने भिंतीतली वायर उपटली. बॅटरी जुनी, तिने दोन सेकंद तग धरला. नंतर जेव्हा जेव्हा चालू केला तेव्हा काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ यायची. सिस्टिम सापडत नाही. ठकू त्या ओळीकडे बघून टाळ्या वाजवायची.

एरवी मी हसले असते. पण सोमवार होता ना पुढे. मी एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. मजकूर इथे, चित्र तिथे, खाली पृष्ठक्रमांक. आमच्या मालकीणबाईंनी मोठ्या मनाने सांगितलं होतं की सोमवारपासून घरून काम करून बघ. सकाळी दहाला छापखान्याचा संगणकवाला तुझं यंत्र दुरून तपासेल. पसंत पडलं तर मुलगी वर्षाची होईपर्यंत घरून कर. नाही पडलं तर मंगळवारपासून नऊ ते सहा इथे येऊन बस. आणि ठकू बाटलीला तोंड लावत नाही. वाटी-चमचा हाणून पाडते. तिला मी लागते, तेही दर अडीच तासांनी. त्यामुळे सोमवारचे दहा हा माझ्या दृष्टीने नोकरीचा प्रश्न नव्हता. ठकूच्या पोटाचा होता.

शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याला फोन लावला. तो पुलांची तपासणी करतो, त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस कुठल्या तरी पुलाखाली असतो. पुलाखाली रेंज नसते. पुलावर असते, पण पुलावर वाहनांचा आवाज असतो. त्या आवाजातून मला 'ड्रॉवर' एवढं ऐकू आलं. पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये.

बिचारा. ठकू रांगायला लागल्यापासून आमच्या घरातली प्रत्येक वस्तू तीन फूट वर गेली आहे हे त्याच्या लक्षातच आलेलं नाही. पूर आल्यासारखं सगळं सामान फळ्यांवर, माळ्यावर, कपाटांच्या डोक्यावर आहे. ड्रॉवरमध्ये आता फक्त ठकू हात घालते.

आणि लहान वस्तूंची तर गोष्टच वेगळी. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एकदा सांगितलं होतं की पुठ्ठ्याच्या नळीतून, म्हणजे कागदाची गुंडाळी संपली की जी उरते त्या नळीतून, जी वस्तू आरपार जाते ती बाळाच्या घशात जाऊ शकते. ऐकलं आम्ही दोघींनी. मी मान डोलावली. माझ्या सासूबाईंनी नळी उचलली. दुसऱ्या दिवसापासून त्या घरभर नळी घेऊन हिंडल्या, जनगणनेला आलेल्या माणसासारख्या. बटणं, सुट्टी नाणी, घड्याळाचे सेल, पेनांची टोपणं, माझी कानातली, सगळ्यांची नळीतून रवानगी झाली, आणि जे जे आरपार गेलं ते एका पत्र्याच्या डब्यात गेलं. डब्याला त्यांनी स्वतः कडी बसवली, कडीला छोटं कुलूप लावलं. आठ महिन्यांत ठकूला एकदाही ठसका लागलेला नाही, आणि मी हे हसण्यावारी नेत नाही. मी रात्री निर्धास्त झोपते (ठकू झोपू देते तेवढी) ती त्या नळीच्या जिवावर.

पेनड्राइव्हही नळीतून गेला होता हे उघडच होतं.

"आई, डब्याची किल्ली?"

"डब्यात आहे," आई म्हणाल्या. "ती पण गेली गं नळीतून. सुरक्षित आहे."

किल्ली आत टाकायची, झाकण लावायचं आणि कुलूप नुसतं दाबायचं, की ते बंद होतं. नियम सगळ्यांना सारखा, किल्लीलाही. आईंनी जन्मभर नियमात पळवाटा काढणाऱ्यांचा तिटकारा केला. आता एक पळवाट मिळाली असती तर आम्हाला दोघींनाही हवी होती.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, नवा पेनड्राइव्ह विकत आण की. सूचना रास्त होती. पण तोवर प्रश्न पेनड्राइव्हचा राहिला नव्हता, आईंच्या शब्दाचा झाला होता. नवा आणला असता तर त्या जेवल्या नसत्या. वहिनींनी जाता जाता हेही सांगितलं की त्यांच्या दिराने असाच पेनड्राइव्ह केला होता आणि संगणकातून धूर आला होता. कशामुळे, ते त्यांना आठवेना. धूर मात्र चांगला आठवत होता.

कुलूपवाल्याला फोन केला. तो कामाला तयार होता, पण हल्ली चोऱ्या फार होतात म्हणून त्याने पद्धत ठरवली आहे. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि इमारतीच्या सचिवांचं पत्र. मी म्हटलं, अहो, दार नाही, बिस्किटांचा डबा आहे. तो शांतपणे म्हणाला की कुलूप ते कुलूप. मग त्याने डब्यात काय आहे ते विचारलं. मी यादी सांगायला लागले तर बारा बटणांनंतर त्याने फोन ठेवला.

सचिव म्हणजे खालच्या मजल्यावरचे फोनकाका. पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. मी पत्रासाठी गेले आणि त्यांना घेऊन वर आले, कारण त्यांना पत्र लिहिण्यापेक्षा कुलूप उघडणं सोपं वाटलं. एक तास ते कुलुपाशी झटले. केसातला आकडा, तेल, मोठं भिंग. मधेच त्यांनी आम्हाला कुलुपाची रचना कागदावर काढून दाखवली. रचना सुंदर होती. कुलूप उघडलं नाही. ठकू तेवढ्यात एक झोप काढून उठली. (आमच्या घरात आता तास नाहीत, झोपा आहेत. पेनड्राइव्हचा अर्धा तास म्हणजे पाऊण झोप.) शेवटी आईंनी "बघू जरा" म्हणत डबा त्यांच्या हातून घेतला, उलटा केला, मागच्या बिजागरीतली तार चिमट्याने ओढून काढली आणि झाकण पाठीमागून उघडलं. कुलूप पुढे तसंच लटकत होतं, आपलं कर्तव्य करत.

"हं," फोनकाका म्हणाले. "ही पद्धत खात्यात नव्हती."

शनिवारी फाइल उतरवायला आम्ही तिघी वाचनालयात गेलो. घरचं इंटरनेट म्हणजे माझा मोबाइल, आणि त्याच्या दिवसभराच्या शिध्यात साडेतीन जीबीचं हे जेवण बसेना. फोनकाकांकडे संगणक आहे पण इंटरनेट नाही. जी तार आपण स्वतः ओढलेली नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नाही.

वाचनालयाच्या संगणककक्षात पेनड्राइव्ह न्यायला नोंद करावी लागते. नोंदवहीपाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, पेनड्राइव्हमध्ये काय आहे? मी म्हटलं, काही नाही, रिकामा आहे. त्या थांबल्या. 'आतील मजकूर' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग 'रिकामा' असं लिहा, मी सुचवलं. तसं लिहिलं तर त्यात काही नाही असं होतं, आणि काही नसेल तर नोंद कशाची करायची? मला मुद्दा पटला, हेच वाईट झालं. आमच्या मागे पाच माणसांची रांग लागली. पाचांपैकी एका आजोबांनी 'हवा' असं लिहा म्हणून सांगितलं. शेवटी बाईंनी स्वतःच तोडगा काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पुढे भरण्यात येईल.' मी त्यांचे आभार मानले आणि ते खरोखर मनापासून होते, कारण लगेच पुढचा नियम समोर आला. बारा वर्षांखालील व्यक्तींना संगणककक्षात प्रवेश नाही. ठकू अकरा वर्षं चार महिन्यांनी कमी पडली.

आई तिला घेऊन बाहेर जिन्यावर बसल्या. काचेतून मला दोघी दिसत होत्या आणि पडद्यावर टक्के दिसत होते. चाळीस टक्क्यांना ठकूने ओठ काढला. साठला चेहरा लाल झाला. ऐंशीला काचेच्या आत वाचत बसलेल्या लोकांनी माना वर केल्या. नोंदवहीच्या बाई उठल्या. मला वाटलं, आता हाकलतात. त्या बाहेर गेल्या आणि आपला किल्ल्यांचा जुडगा ठकूच्या तोंडापुढे खुळखुळवायला लागल्या. आईंनी तो मोठ्या संशयाने पाहिला, नजरेने मापूनच घेतला म्हणा ना. पण जुडगा जाड होता, नळीतून गेला नसता. शंभर झाले तेव्हा दोघी बायका आणि ठकू जिन्यावर गप्पा मारत होत्या.

मी फाइल पेनड्राइव्हवर टाकली, घरी आले, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि बटण दाबलं.

सिस्टिम सापडत नाही.

मी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. दुसऱ्या बाजूच्या भोकात लावला. फुंकर मारून लावला. वहिनींच्या सांगण्यावरून उलटा लावून पाहिला, तो गेला नाही. एकोणीस वेळा झालं. मग मी माहितीचं पान पुन्हा वाचलं आणि तिथे, मी जिच्यावरून शुक्रवारी नजर घसरवली होती त्या ओळीत, लिहिलं होतं की फाइल नुसती कॉपी करू नये. एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसतो आणि फाइल उलगडून त्यावर नीट मांडतो. सव्वाचार वाजले होते. रविवारी वाचनालय बंद.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आईंनी मान वर केली. मी म्हटलं, "मंगळवारपासून तिला कसं ठेवायचं ते ठरवायला हवं."

"आज शनिवार आहे," आई म्हणाल्या. "मंगळवारचं मंगळवारी." आणि त्या फोनकाकांना उद्या दुपारी संगणक लागणार असल्याचं कळवायला खाली गेल्या. विचारायला नाही. कळवायला.

रविवारी फोनकाकांनी संगणकावरचं भरतकामाचं कापड काढून घडी घालून ठेवलं. तो छोटा प्रोग्रॅम मी सकाळी मोबाइलवर उतरवून ठेवला होता. तो वायरने त्यांच्या संगणकात टाकला, पेनड्राइव्हवरची मोठी फाइलही तिथे हलवली. प्रोग्रॅमने विचारलं, कोणता ड्राइव्ह पुसायचा? आणि खाली लाल अक्षरात, 'यावरचं सगळं कायमचं नष्ट होईल.'

फोनकाका उभे राहिले. त्यांच्या संगणकात खात्यातल्या सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभांचे पस्तीस वर्षांचे फोटो आहेत. भलतंच काही पुसलं जाऊ नये म्हणून त्यांनी संगणकाला जे जे जोडलेलं होतं ते उपटायला सुरुवात केली. स्पीकर काढले, प्रिंटर काढला. मग माउसही काढला. मी म्हटलं, काका, माउस कशाला? तर म्हणाले, तोही त्याच जातीच्या भोकात आहे. आता पडद्यावर एकच ड्राइव्ह दिसत होता, माझा, आणि त्यावर टिचकी मारायला माउस नव्हता. कळफलकावरून सरकत सरकत मी 'सुरू करा'पर्यंत पोचले. फोनकाकांनी तो लाल इशारा मोठ्याने वाचून दाखवला, माझ्याकडून होकार घेतला, मग आईंकडूनही घेतला. आईंच्या कडेवरून ठकूनेही काहीतरी होकारार्थी म्हटलं. मी एन्टर दाबलं.

बारा मिनिटं लागली. बूटेबल पेनड्राइव्ह दिसायला पहिल्यासारखाच दिसतो. मला उगाच वाटलं होतं की तो जरा जड लागेल.

आम्ही सगळे वर आलो. आता शेवटची पायरी. लॅपटॉप चालू केला की कंपनीचं चिन्ह दोन सेकंद येतं. तेवढ्यात एफ बारा हे बटण दाबायचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू हो असं त्याला सांगता येतं. मी चालू केलं, एफ बारा दाबून धरलं. सिस्टिम सापडत नाही. फोनकाका म्हणाले, जोर कमी पडला. त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं, नख पांढरं होईपर्यंत. सापडत नाही. मग त्यांनी घड्याळ लावलं, तीन म्हटलं की मी दाबायचं. तीनला उशीर झाला, दोनला घाई झाली. ठकूची झोपेची वेळ टळत होती, ती आईंच्या खांद्यावर डोकं आपटत होती. अकराव्या वेळी मला रडू आलं. म्हणजे रडू आलं असं नाही, डोळ्यांतून पाणी आलं एवढंच. फोनकाकांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

"सरका," आई म्हणाल्या.

ठकू एका खांद्यावर होती. डाव्या हाताने त्या तिला थोपटत होत्या, तेच ते, न थांबता, न घाई करता. उजव्या हाताचं एक बोट त्यांनी एफ बारावर ठेवलं.

"दाबून काय धरता त्याला," त्या म्हणाल्या. "दाबून धरलं तर ही तरी झोपेल का? थोपटा."

त्यांनी मला चालू कर म्हणून मानेने सांगितलं. मी केलं. त्यांचे दोन्ही हात एका लयीत चालले होते. टप टप टप पाठीवर, टप टप टप एफ बारावर. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि निळ्या पडद्यावर दोन ओळींची यादी उघडली. दुसऱ्या ओळीत माझा पेनड्राइव्ह होता. ठकू झोपली होती.

फोनकाकांनी न आवाज करता टाळी वाजवली. पुढे तासभर आम्ही तिघं त्या पुढे सरकणाऱ्या पट्टीसमोर बसलो होतो, लांबच्या गावाहून कुणीतरी यायचं असावं तसे. मधे वहिनी येऊन धूर आला का ते बघून गेल्या.

सोमवारी दहाला संगणकवाल्याचा फोन आला. गंभीर आवाज. दुरून यंत्र तपासलं, पानं लावायचा प्रोग्रॅम उघडून पाहिला, ठीक म्हणाला. मग म्हणाला की एक नमुना भरायचा आहे. यंत्राचा क्रमांक मी सांगितला. पुढचा रकाना, 'सिस्टिम बसवणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव'.

"मीच बसवली."

"कर्मचाऱ्याने स्वतः बसवलेली चालत नाही," तो म्हणाला. "तंत्रज्ञ नसेल तर यंत्र इथे आणून द्यावं लागेल. आमच्याकडे आठवडा लागतो. तोवर तुम्ही इथे येऊन काम करा."

फोनकाकांचं नाव माझ्या जिभेवर होतं. पस्तीस वर्षं, इंजिनिअर, सरकारी खातं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. पण दारात आई उभ्या होत्या, ठकूला घेऊन, तिचा आवाज फोनवर जाऊ नये म्हणून तोंडात स्वतःचं बोट देऊन. मी आईंचं पूर्ण नाव सांगितलं. पहिलं, मधलं, आडनाव. लग्नानंतरच्या सात वर्षांत मी ते पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं असेन.

"आडनाव तुमचंच दिसतंय."

"सासूबाई आहेत. काम त्यांनीच केलंय."

तो पुढच्या रकान्याकडे वळला. मग, "या कामाचा अनुभव?"

मी आईंकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. त्या जराही न गोंधळता म्हणाल्या, "दोन मुलगे आणि एक नात. हिचे सासरे धरले तर चार."

मग टकटक ऐकू आलं. संगणकवाला टाइप करत होता.

"तीस वर्षांहून अधिक, असं लिहितो," तो म्हणाला. "चालेल ना?"

"चालेल," आई म्हणाल्या. "कमीच आहे, पण चालेल."

यंत्र मंजूर झालं. मी पहिलं पान उघडलं, तिसरीच्या विज्ञानाचं, बी रुजण्याचं चित्र डावीकडे. साडेबाराला ठकूला घ्यायला आत गेले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो कागद आपल्याला मिळतो का गं? तो माझ्या नावाचा. झेरॉक्स चालेल."

मी छापखान्यात कळवलं, झेरॉक्स नको. सही-शिक्क्याची मूळ प्रत पाठवा.